नवी बाइक पाहिल्यावर पहिल्यांदा काय वाटतं? अनुभव लिहा

काल पार्किंगमध्ये माझ्या गाडीशेजारी एक कोरी करकरीत नेकेड बाइक (पुढे-बाजूंना मोठं आवरण नसलेली) उभी होती. समोरून पाहिली तर बारीक डोळ्यांचा किडा, बाजूने पाहिली तर टाकी फुगलेली आणि शेपटी आभाळाला लागलेली. तिच्याभोवती तीनदा फिरलो. वाईट नव्हती, पण नजर कुठे ठरेना. इंजिन बघायला खाली वाकावं लागलं, आणि वाकलो तशी बाबांची आठवण आली.

बाबा सुट्टीच्या सकाळी गाडी पुसायचे. वाटीत रॉकेल, हातात जुना टूथब्रश, आणि इंजिनाच्या फिन्समध्ये अडकलेली माती. वरून दुसऱ्या आणि तिसऱ्या फिनच्या मधली खाच अरुंद, तिथे फक्त माझं बोट शिरायचं, म्हणून ती कायम माझ्याकडे. हवा जितक्या जास्त अंगाला लागेल तितकं इंजिन थंड राहतं, म्हणून ही पाती, असं त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. कुणी नटवायला म्हणून ती घडवली नव्हती, तरी आमच्या गाडीत सगळ्यात देखणं तेच होतं.

माझं मत तिथेच बनलं आणि अजून बदललेलं नाही. आत काय चाललंय ते जिच्या अंगावरून कळतं, ती बाइक सुंदर. हल्लीच्या कितीतरी गाड्या मला झाकलेल्या वाटतात. तुम्हाला काय वाटतं? मत नुसतं नको, त्यामागचा अनुभवही लिहा.

सुसाट
सहमत नाही. मी बावीस वर्षांचा आहे, मला धारदारच आवडतात. २०१४ ची कावासाकी झेड१००० पहिल्यांदा पाहिली तेव्हा झेप घ्यायच्या आधी खाली दबलेलं जनावर दिसलं मला. डोकं खाली, खांदे वर. तिथून बाइकचं वेड लागलं. प्रत्येक पिढीला तिची गाडी मिळते दादा. तुमच्या बाबांना फिन्स मिळाल्या, मला ही मिळाली.

मागची सीट
मागे बसणाऱ्यांचं कुणी बोलणार आहे का? नवऱ्याच्या नव्या बाइकची मागची सीट म्हणजे तळहाताएवढा तुकडा, तोही उतरता. धरायला काही नाही. ब्रेक लागला की मी त्याच्या पाठीवर. दीड तासाच्या प्रवासानंतर उतरले तर पाय सरळ होईनात. बाजूने फोटो काढला की गाडी झकास दिसते हे मान्य, पण त्या फोटोत मी नसते.
आणि मागचं मडगार्ड कुठे गेलं हो? पावसात पाठीच्या मधोमध चिखलाची रेघ येते, थेट मानेपर्यंत.

घाटवळण
@मागची सीट, ताई अगदी अगदी. माझी बायको त्या सीटला 'कपाट' म्हणते, कारण वर चढून बसावं लागतं.

जाळीफ्रेम
माझा जीव डुकाटी मॉन्स्टरवर. १९९३ ला पहिली एम९०० विक्रीला आली, डिझाइन मिगेल गालुझ्झी यांचं. पाइपांची जाळीदार फ्रेम, तिच्यात लटकवलेलं व्ही-ट्विन (दोन सिलिंडरचं इंजिन), वर म्हशीच्या पाठीसारखी टाकी, पुढे गोल डूम, म्हणजे दिवा. बस्स. दहा फुटांवरून फ्रेम कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते बोटाने दाखवता यायचं.
२०२१ ला नवी मॉन्स्टर आली आणि ती जाळी गेली, पुढे ॲल्युमिनियमची आखूड फ्रेम आली. वजन बरंच उतरलं. चालवायला नवी जास्त चांगली आहे, चालवली आहे म्हणून सांगतो. तरी उभी दिसली की डोळे आपोआप जाळी शोधतात. आठवणीतल्या माणसाचं घर पाडून तिथे नवी इमारत झालेली बघावी तसं होतं.

मातीकाम
मी काही वर्षं वाहनांच्या क्ले मॉडेलवर (खरी गाडी बनण्याआधी मातीत घडवतात त्या नमुन्यावर) काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मोबाइलवर टंकतेय, चुका सांभाळून घ्या.

डिझायनर हौसेने सगळं झाकतात असं नाही. जुना गोल डूम गोल का होता? बल्बचा उजेड पुढे फेकायला मागे वाटीसारखा आरसा लागतो, आणि सात इंची गोल दिवा सगळीकडे मिळायचा, म्हणून बहुतेकांचं तोंड तेच. एलईडीला एवढी वाटी लागत नाही. लिंबाएवढ्या भिंगातून रस्ताभर उजेड पडतो. म्हणजे बाइकला तोंड कसं द्यायचं हे पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त डिझायनरच्या हातात आलं. मग प्रत्येकाने वेगळं तोंड दिलं, काही साधली, काही नाही. यामाहा एमटी-०९ चं २०२१ चं एकाच भिंगाचं तोंड पुष्कळांना रुचलं नाही, २०२४ मध्ये ते बदललं.

आता पोट. युरो ५ सारख्या प्रदूषणाच्या नियमांमुळे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मोठा झाला आणि तो इंजिनाजवळच हवा, कारण गरम झाल्याशिवाय तो कामच करत नाही. म्हणून इंजिनाखाली तो डबा दिसतो. रेडिएटर, त्याच्या नळ्या, एबीएसचं युनिट, पेट्रोलची वाफ धरणारा डबा, सेन्सरच्या वायरी, हे सगळं एका सांगाड्यात बसवायचं. धागाकर्त्याच्या बाबांच्या गाडीत यातलं एकही नव्हतं. हे सगळं उघडं ठेवलं तर गाडी नळजोडणीच्या सामानासारखी दिसेल.

माझी तक्रार वेगळी आहे. मातीवर काम करताना आम्ही एक रेघ पुढच्या चाकापासून शेपटीपर्यंत हात न उचलता ओढायचो. ती नीट आली की गाडी उभी असतानाही चालल्यासारखी वाटते. हल्ली काही बाइकवर अशा पंधरा रेघा असतात आणि एकही शेवटपर्यंत जात नाही. कडा, खाच, पुन्हा कडा. माती खरवडून काढायला धीर लागतो, घालायला लागत नाही. मॉडेलवरून काही काढून टाका असं सांगणारा माणूस खोलीत असावा लागतो.

टाकीवाला
@मातीकाम, केवढं छान लिहिलंत! एक भर घालतो. टाकी आता टाकी राहिलेली नाही. बऱ्याच गाड्यांत वर प्लास्टिकचं टोपण, त्याखाली एअरबॉक्स (इंजिनाला हवा पुरवणारा डबा), आणि पेट्रोल खाली सीटकडे. वजन खाली राहतं, हाताळायला उत्तम. पण माझी चुंबकाची टँकबॅग! मोठ्या प्रवासाला निघालो, सवयीने बॅग टाकीवर ठेवली आणि पहिल्याच वळणावर ती घसरून मांडीवर. चुंबक धरणार कशाला? रस्त्याच्या कडेला थांबून टकटक करून पाहिलं, सगळं प्लास्टिक. तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी वर्षभर टोपणाला टाकी समजून गुडघे टेकवत होतो.

घाटवळण
@टाकीवाला पट्ट्यांची बॅग घ्या. रिंगवाली असेल तर आणखी बरं, पेट्रोलच्या झाकणाभोवती रिंग बसते.

टाकीवाला
रिंगवाली पेट्रोल भरताना पटकन निघते का?

घाटवळण
एक खटका दाबला की हातात. फक्त झाकणाचे स्क्रू मोजून घ्या, पाच की सात ते गाडीप्रमाणे बदलतं.

जुनी किल्ली
धागाकर्त्याच्या मनातलं मी उलट बाजूने अनुभवलंय. ट्रायम्फ बॉनव्हिल टी१२० ची २०१६ पासूनची गाडी पाण्याने थंड होते, तरी सिलिंडरवर फिन्स आहेत. फ्युएल इंजेक्शन आहे, पण थ्रॉटल बॉडीला (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागाला) रूप जुन्या कार्ब्युरेटरचं. रेडिएटर फ्रेमच्या दोन नळ्यांमध्ये असा बारीक बसवलाय की पटकन दिसत नाही. तुमच्या व्याख्येप्रमाणे हे खोटं झालं ना? पण मला ती गाडी बघून खरा आनंद होतो. रोज होतो. मग काय करायचं?

धागाकर्ता
@जुनी किल्ली, हा प्रश्न काल रात्रभर डोक्यात होता. मला वाटतं त्या फिन्स थोडीफार उष्णता सोडतातच, धातूच आहेत शेवटी. आणि जिथे हात लावला तर गरम लागतं, ते पूर्ण खोटं कसं म्हणू? प्लास्टिकवर छापलेला कार्बन फायबरचा नमुना मला खोटा वाटतो. हवा न घेणारी हवेची भोकं खोटी वाटतात. बोट घालून पाहिलं तर मागे बंद भिंत.

सुसाट
बंद भोकांवर तुमच्याशी शंभर टक्के सहमत दादा. माझ्या गाडीला दोन आहेत. धुताना त्यात पाणी साचतं.

उंची पाच फूट
इथे स्टायलिंग म्हणजे नुसतं तोंड आणि टाकी चाललंय. शेपटी वर नेली की सीट वर जाते. मी सिग्नलला एका पायाच्या अंगठ्यावर उभी असते. शोरूममध्ये गाडी आवडली, बसले, आणि उतरले. दोन वर्षं हेच चाललं होतं. शेवटी मिळाली ती रूपाने अगदी साधी आहे, पण दोन्ही पाय टेकतात, आणि आता मला तीच जगात सगळ्यात देखणी दिसते.

मागची सीट
@उंची पाच फूट, मनापासून अभिनंदन! कुठली घेतली ते लिहा ना, मी स्वतः शिकायचा विचार करतेय.

उंची पाच फूट
तुम्हाला विपूत (तुमच्या विचारपूस पानावर) लिहिते. शिका नक्की. तुमच्या त्या 'कपाटा'पेक्षा पुढची सीट केव्हाही बरी :)

शेवटचा गिअर
आज आवडलेलं उद्या आवडेल असं नसतं, उलटही होतं. सुझुकी कटाना १९८० ला कोलोनच्या प्रदर्शनात आली, हान्स मुथ यांच्या टार्गेट डिझाइन या संस्थेचं काम, १९८१ ला विक्रीला. चाकूच्या पात्यासारखं नाक, टाकीपासून सीटपर्यंत एकच तिरकी कड. तेव्हा लोक सरळ दोन गटांत वाटले गेले. आज तीच गाडी संग्रहात ठेवायला माणसं शोधत असतात. २०१९ ला नवी कटाना आली, ते नाक पुन्हा आणलं, छान आणलं. पण टाकी बारा लिटरची. एवढं लांब नाक दिलंत, लांब जायला पेट्रोल तर द्या!

डुकाटीचंही एक उदाहरण. १९९४ ची ९१६, डिझायनर मासिमो तांबुरिनींची. आडवे दोन दिवे, सीटखालून बाहेर येणारे दोन सायलेन्सर, मागच्या चाकाला एकाच बाजूने धरणारा स्विंगआर्म. तिच्यानंतर ९९९ आली, दिवे एकावर एक, स्विंगआर्म दोन बाजूंचा. चाहते नाराज झाले. २००७ च्या १०९८ मध्ये दिवे परत आडवे, स्विंगआर्म परत एकबाजूचा. आता गंमत बघा. परवा एका भेटीला तिन्ही शेजारी उभ्या होत्या, आणि मी सगळ्यात जास्त वेळ ९९९ पाशी थांबलो. वीस वर्षांपूर्वी मीच तिला नावं ठेवली होती. तिच्यात कुणाचं अनुकरण नाही हे तेव्हा दिसलंच नव्हतं.

जाळीफ्रेम
@शेवटचा गिअर ९९९ बद्दल लिहिलंत म्हणून मिठी मारावीशी वाटतेय.

काजवा
माझं थोडं अवांतर. नव्या गाडीचा रंग मॅट आहे. दिसतो अप्रतिम, मखमलीसारखा. पण टाकीला जिथे गुडघे घासतात तिथे चकाकी आली आहे, दोन्ही बाजूंना वाटीएवढा डाग. पॉलिश लावू का?

जुनी किल्ली
@काजवा नका! पॉलिशने आणखी चकाकेल, मॅट रंगाची चकाकी परत घालवता येत नाही. सौम्य शांपू, भरपूर पाणी, मऊ कापड, घासायचं नाही. आणि पुढे गुडघ्यांच्या जागी टँकपॅड लावा.

काजवा
आधी कुणी सांगितलं असतं तर. धन्यवाद.

मातीकाम
@काजवा, वाईट वाटून घेऊ नका. गुडघ्यांनी घासलेली जागा म्हणजे गाडी नुसती उभी राहिली नाही याची खूण. मला मॉडेलवर अशी जागा कधीच दाखवता आली नाही. आमची मातीची गाडी कुणी चालवलीच नाही.

विजेवर
इलेक्ट्रिक बाइकचं कुणीच कसं लिहिलं नाही? माझी तीच आहे. पेट्रोल नाही तरी टाकीच्या जागी टाकीचाच आकार. आधी मला तो अनावश्यक वाटायचा. मग एकदा जोरात ब्रेक मारावा लागला, आणि गुडघ्यांनी तो आकार घट्ट धरला म्हणून हातांवर भार आला नाही. टाकी पेट्रोलसाठी होती तेवढीच धरण्यासाठीही होती.
फिन्ससुद्धा आहेत बरं का. मोटर कंट्रोलरच्या खोक्यावर. लहान आहेत, पण खऱ्या.

धागाकर्ता
@विजेवर, फोटो टाकाल का त्या फिन्सचा? जवळून काढा.

विजेवर
संध्याकाळी टाकतो. आत्ता तिथे चिखल बसलाय.

धागाकर्ता
जुना टूथब्रश घ्या. विजेचं काम आहे, तेव्हा रॉकेल नको आणि पाण्याचा फवाराही नको. गाडी बंद करून, गार झाल्यावर, कोरडाच फिरवा.