११ आणि २० तारखेला पीसीवर काम पुढे सरकतच नाही, नवीन मशीन घेऊ की माझीच पद्धत चुकतीय?

सुताचा_गुंता

नमस्कार मंडळी. इचलकरंजीत माझं छोटं टॅक्सचं ऑफिस आहे, मी आणि एक असिस्टंट पोरगी, साठेक क्लायंट, बहुतेक सगळे यंत्रमागवाले आणि सूत व्यापारी, दोन सायझिंगवाले. ११ ला जीएसटीआर वन म्हंजे विक्रीचं रिटर्न, २० ला थ्रीबी म्हंजे कर भरायचं रिटर्न, तिमाहीवाल्यांची थ्रीबी २२ ला. या तारखांच्या आधीचे तीन-चार दिवस घरी जायला रात्रीचे दहा वाजतात, आणि गंमत म्हणजे दिवसभर मान वर न करता काम करून पण संध्याकाळी मोजलं तर आठ-नऊ रिटर्नच झालेली असतात.

मशीन आय फाईव्ह, ८ जीबी रॅम, एसएसडी आहे, विंडोज ११. कॉम्प्युटरवाला म्हणतो हे आता जुनं झालं, नवीन घ्या. त्याचं कोटेशन बघून मी आधी पंखा वाढवला. बायको म्हणते मशीनला काय धाड भरलीय, तुम्हीच दिवसभर तेच तेच करत बसता.

आता तेच तेच म्हंजे काय ते सांगतो. एक्सेल शीटमधनं युजरनेम कॉपी करायचं, क्रोममधे जाऊन पेस्ट, परत एक्सेल, पासवर्ड कॉपी, परत क्रोम. मग टू बी ची, म्हंजे खरेदीवरचं क्रेडिट दाखवणारी एक्सेल पोर्टलवरून उतरवायची, ती डाउनलोडमधे जाऊन पडते, तिथं आधीच हजारभर फायली. टॅलीतल्या हिशोबाशी ताळा बघायचा. थ्रीबी भरली की पीडीएफ उतरवायची, तिचं नाव बदलायचं, क्लायंटच्या फोल्डरमधे हलवायची, मग व्हॉट्सअपवर पाठवताना तीच फाईल परत फोल्डरात फोल्डर उघडत शोधायची. असं साठ वेळा.

विंडोजमधेच यावर काही सोय असंल तर सांगा, नवीन सॉफ्टवेअर शिकायला आत्ता डोकं नाही.

जुनी_खुर्ची

पैसे खर्च करू नका अजून. आधी एक करा, उद्या एका क्लायंटचं रिटर्न भरताना शेजारी कोरा कागद ठेवा आणि जितक्या वेळा हात कीबोर्ड सोडून माऊसवर जाईल तितक्या फुल्या मारा. मी बँकेच्या बॅक ऑफिसला होतो तेव्हा आमच्या साहेबांनी हे करायला लावलं होतं, आम्ही खूप हसलो होतो आणि मग फुल्या मोजल्यावर गप्प बसलो.

तुमची एक्सेल-क्रोम-एक्सेल-क्रोम ही वारी मात्र आजच बंद होईल. विंडोज की धरून व्ही दाबा. पहिल्यांदा विचारेल क्लिपबोर्ड हिस्टरी चालू करू का, हो म्हणा. आता एक्सेलमधे लागोपाठ युजरनेम, जीएसटी नंबर, रक्कम, काय लागेल ते एकामागून एक कॉपी करत जा, आणि मग क्रोममधे जाऊन विन+व्ही दाबून हवं ते निवडा. शेवटच्या २५ गोष्टी त्यात राहतात. मशीन रिस्टार्ट केलं की जातात, पण ज्याला पिन मारली ते राहतं. तर "आपले या महिन्याचे चलन तयार आहे, कृपया भरून पावती पाठवावी" असं जे तुम्ही साठ जणांना लिहीत असणार ते एकदाच नीट लिहून पिन करून टाका.

ही सोय २०१८ च्या शेवटच्या अपडेटपासून विंडोज १० मधे पण आहे आणि मला कळली मागच्या वर्षी, नातवाकडून. असो.

लेझीम

लिनक्स टाका. विषय संपला.

सुताचा_गुंता

@लेझीम टॅली तुम्ही येऊन चालवून देणार का? 😀

घाटावरची_पाटी

@जुनी_खुर्ची सगळं बरोबर पण काका, त्यांना पासवर्ड कॉपी करून विन+व्हीत ठेवायला सांगू नका हो. ती हिस्टरी उघडी असते, खुर्चीवर जो बसेल त्याला दिसते. साठ क्लायंटचे पासवर्ड आहेत ते, आणि एक्सेल शीटमधे ठेवलेत हेच आधी चुकलंय. पासवर्ड मॅनेजर वापरा, निदान त्या शीटला तरी पासवर्ड लावा. आणि तरी कॉपी केलाच तर संध्याकाळी विन+व्ही उघडून क्लिअर ऑल करा. विंडोजच्या सेटिंगमधे क्लिपबोर्डखाली दुसऱ्या डिव्हाइसवर सिंक करायचा पर्याय असतो तो बंद ठेवा. चहाला उठताना विन+एल दाबून स्क्रीन लॉक करा. ही सवय फक्त आठ दिवस लावावी लागते, नंतर बोटं आपोआप जातात.

जुनी_खुर्ची

मान्य, पासवर्ड मी लिहिला नव्हता पण त्यांनी तेच केलं असतं हे खरंय.

रात्रपाळी

फायलींचं मी सांगतो, माझं कामच दिवसभर पीडीएफ इकडनं तिकडं करायचं आहे.

दादा तुम्ही नाव कसं बदलता? राइट क्लिक, रिनेम, टाईप, एंटर, मग पुढच्या फाईलवर परत राइट क्लिक, बरोबर? पहिल्या फाईलवर जाऊन एफ टू दाबा, नाव टाईप करा आणि एंटर न दाबता टॅब दाबा. कर्सर आपोआप पुढच्या फाईलच्या नावात जाऊन बसतो. टाईप, टॅब, टाईप, टॅब. वीस फायली दोन मिनिटांत, माऊसला हात नाही. त्यातही एक्सटेन्शन सोडून फक्त नावच सिलेक्ट होतं त्यामुळे शेवटचं पीडीएफ चुकून उडायची भीती नाही.

थ्रीबीची जी फाईल उतरते तिच्या नावात जीएसटी नंबर आणि महिना असतोच, तो काढू नका, त्याच्या पुढं फक्त पार्टीचं नाव लावा. सगळ्यांचे नंबर २७ नेच सुरू होतात म्हणून नुसत्या नंबरवरनं काही कळत नाही हे मला माहितीय, पण ते पंधरा अक्षरं नावात असली की सहा महिन्यांनी शोधताना तीच कामाला येतात.

आता व्हॉट्सअपवर पाठवायचं. फाईल सिलेक्ट करून कंट्रोल+शिफ्ट+सी दाबा, फाईलचा पूर्ण पत्ता कॉपी होतो. मग व्हॉट्सअपमधे अटॅच दाबल्यावर जी खिडकी उघडते तिच्या खालच्या फाईल नेमच्या रकान्यात कंट्रोल+व्ही, एंटर. संपलं. फोल्डरात फोल्डर उघडत बसायचं नाही. पोर्टलवर काही अपलोड करताना पण हेच चालतं. आणि क्रोमच्या सेटिंगमधे डाउनलोडखाली "प्रत्येक फाईल कुठं ठेवायची ते विचारा" असं एक बटण आहे ते चालू करा, म्हंजे फाईल थेट क्लायंटच्या फोल्डरातच उतरेल, हजार फायलींचा उकिरडा परत होणार नाही.

तुम्ही नवीन सॉफ्टवेअर नको म्हणालात तरी एक सांगतोच, एव्हरीथिंग नावाचं फुकट आणि एवढुसं टूल आहे, नावाचे चार अक्षर टाकले की अख्ख्या डिस्कवरची फाईल टाईप करता करता समोर येते. शिकायचं काहीच नाही त्यात.

मधली_सुट्टी

एक्सेल आणि क्रोम शेजारी शेजारी लावा की. एक्सेलवर असताना विन+डावा बाण, क्रोमवर विन+उजवा बाण. आणि टास्कबारवर ज्या क्रमाने आयकॉन पिन केलेत त्या क्रमाने विन+१, विन+२, विन+३ चालतं. माझ्याकडे १ टॅली, २ एक्सेल, ३ क्रोम. टास्कबारवरच्या एक्सेलला राइट क्लिक केलं की अलीकडच्या फायलींची यादी येते, त्यातली रोजची शीट तिथंच पिन करता येते.

मी तर विन+कंट्रोल+डी करून वेगळा डेस्कटॉप पण बनवते, एकावर इन्कम टॅक्स, एकावर जीएसटी, आणि विन+कंट्रोल+बाण दाबून इकडून तिकडे. व्हॉट्सअप तिसऱ्यावर ढकलून दिलंय, त्यामुळे दर दोन मिनिटांनी तिकडं डोळा जात नाही.

जुनी_खुर्ची

हे वेगळे डेस्कटॉप मला कधीच जमले नाहीत, कुठल्या डेस्कटॉपवर काय ठेवलंय तेच आठवत नाही आणि मग अल्ट+टॅब मारत बसतो. साध्या माणसाला दोन खिडक्या शेजारी पुरतात.

मधली_सुट्टी

काका सवयीचा प्रश्न आहे, पण बरं, ज्याला जमत नाही त्यानं नाही केलं तरी चालतंय.

एकटा_टॉवर

बॅकअपचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. विंडोजमधेच रोबोकॉपी नावाची कमांड असते, टास्क शेड्युलरला लावली की रोज संध्याकाळी क्लायंटचं अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर जातं, नुसत्या बदललेल्या फायली जातात म्हणून पटकन होतं. पण नेटवर बघून त्यात मिर नावाचा स्विच लावाल तर दहादा वाचा. तो दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या करतो, म्हणजे मूळ जागी जे नाही ते बॅकअपमधून पण पुसतो. मी हुशारीनं लिहिताना मूळ आणि बॅकअप उलटे टाकले. बॅकअपची डिस्क नवी कोरी होती. त्यानं माझ्या तीन वर्षांच्या फायली त्या कोऱ्या डिस्कसारख्या करून ठेवल्या, म्हणजे कोऱ्या. निम्म्या मेलमधून परत मिळाल्या, निम्म्यांसाठी क्लायंटच्या पाया पडलो. तर मिर न लावता चालवा, चार जुन्या फायली जास्त राहिल्या तर राहू देत.

सुताचा_गुंता

सगळ्यांचे मनापासून आभार, मुद्दाम २० तारीख उलटल्यावर लिहितोय.

फुल्या मोजल्या. एका थ्रीबीला ४३. पोरीच्या ५१. त्यातल्या वीसेक नुसत्या फाईल शोधण्यात आणि नाव बदलण्यात. बायकोला कागद दाखवला नाही.

रॅमचं पण बघितलं, कंट्रोल+शिफ्ट+एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. सकाळी मेमरी ६०-६५ टक्के असते आणि संध्याकाळी ९० च्या वर, कारण क्रोममधे मी सकाळपासूनचे टॅब तसेच ठेवतो. तिथंच स्टार्टअप अ‍ॅप्समधे बघितलं तर मशीन चालू होताना अकरा गोष्टी उठत होत्या, त्यातल्या दोन प्रिंटरच्या आणि तो प्रिंटर विकून दोन वर्षं झाली. सात बंद केल्या. ८ जीबीची अजून एक पट्टी टाकणारे मी, पण नवीन मशीनचं कोटेशन खणात गेलं.

विन+व्ही आणि एफ टू-टॅब या दोन गोष्टी लागल्या हाताला. पोरगी तर टॅब मारत असली सुटलीय की मी बघत बसतो. कंट्रोल+शिफ्ट+सी मला अजून आठवत नाही, मॉनिटरला चिठ्ठी लावलीय. पासवर्डची शीट पण हलवली, त्यात एक अख्खा रविवार गेला. डेस्कटॉपचं काकांसारखंच, हरवलो आणि बंद केलं. यावेळी दिवसाला चौदा-पंधरा होत होती आणि २० ला साडेसातला घरी. एक मात्र कुठल्याच कीनं होत नाही, मालकाच्या मोबाईलवर ओटीपी जातो आणि मालक असतो मागावर, तिथं लूमच्या आवाजात फोन कुणाला ऐकू येतोय!

एक शेवटची शंका. फाईल न उघडता बघायला अल्ट+पी दाबून प्रिव्ह्यू लावला, जुन्या पीडीएफ दिसतात पण पोर्टलवरून आत्ता उतरवलेल्यांना धोक्याची सूचना येते. असं का?

रात्रपाळी

ते ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटपासून सुरक्षेसाठी मुद्दाम केलंय, नेटवरून आलेल्या फाईलचा प्रिव्ह्यू आपोआप दिसत नाही. फाईलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकवर टिक, ओके. लगेच नाही दिसलं तर एकदा साइन आउट करून परत या. फक्त पोर्टलवरून स्वतः उतरवलेल्या फायलींनाच करा, पार्टीनं व्हॉट्सअपवर ढकललेल्यांना नको.

सुताचा_गुंता

दिसतंय. चिठ्ठीवर हे पण लिहिलं.