जुना अ‍ॅम्प: सगळे कपॅसिटर एकदम बदलायचे की आधी बिघाड शोधायचा?

मिलिव्होल्ट:
चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की गोव्यात माळ्यावरचे अ‍ॅम्प खाली उतरतात. तारवट्यांनी (जहाजावर नोकरी करणाऱ्यांनी) सत्तरच्या दशकात आणलेले स्टीरिओ, भजनी मंडळांचे लोखंडी डबे. दुरुस्तीचा पहिला सल्ला ठरलेला: "सगळे इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेले कपॅसिटर) बदलून टाका." मला हा सल्ला आळशीपणाचा वाटतो.

उदाहरण घ्या. दर चॅनलला ४० वॅट, अधिक-उणे ३५ व्होल्ट सप्लाय, टीओ-३ आकाराचे (धातूच्या चपट्या डबीतले) आउटपुट ट्रान्झिस्टर. चालू करताक्षणी डाव्या चॅनलचा फ्यूज उडतो. तीस कपॅसिटर बदलले तरी तो उडतच राहणार, कारण आउटपुट शॉर्ट आहे.

प्लग काढा. फिल्टर कपॅसिटरवर (सप्लायमधले मोठे) १०० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर दहा सेकंद धरा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. टीओ-३ ची बॉडी म्हणजे कलेक्टर. कलेक्टर ते एमिटर दोन्ही दिशांनी एखादा ओहम दिसला तर ट्रान्झिस्टर गेला. मग तिथेच थांबू नका. त्याला चालवणारा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर, बेसचा रेझिस्टर आणि ०.३३ ओहमचा एमिटर रेझिस्टर तपासा. यातला एक जरी खराब राहिला तरी नवी जोडी क्षणात जळते. नंतर मेन्सच्या वाटेत ६० वॅटचा सिरीज दिवा लावून, स्पीकर न जोडता चालू करा. दिवा उजळून मंदावला तर ठीक, तसाच प्रखर राहिला तर शॉर्ट अजून आहे. आउटपुटवर डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत हवा.

डाखाची कांडी:
फ्यूज का उडतो हे शोधायलाच हवं, त्यावर वाद नाही. पण तेवढं करून अ‍ॅम्प परत देणं म्हणजे गळकं छप्पर एका कौलाने शाकारणं. पन्नास वर्षांत रबराचं सील सुकतं, आतलं द्रव उडतं, ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) वाढतो. फीडबॅकमधला ४७ मायक्रोफॅरड आटला की बास पातळ होतो. ऐकणारा म्हणतो "स्पीकर जुने झाले" आणि स्पीकर बदलतो!

शिवाय आपली वीज. ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज निवडायची जोडणी) २२० वर आणि रात्री घरात २४५ व्होल्ट, तर ३५ चे ३९ होतात. मूळ फिल्टर कपॅसिटर ४० व्होल्टचे असतील तर काठावरच आहेत. ते मी ६३ व्होल्टचेच घालीन, कुणी काही म्हणो. आणि मागे २४० चा टॅप असेल तर आधी तो लावा, फुकटचं काम आहे.

मिलिव्होल्ट:
फिल्टरचं मान्य, पण मोजून. दोन्ही चॅनलमध्ये १०० हर्ट्झची घरघर असेल तर फिल्टरवर संशय घ्या. ५० हर्ट्झची असेल तर अर्थिंग किंवा शील्ड बघा. ४७०० मायक्रोफॅरडवर १ अँपिअर ओढला तर रिपल (डीसीवरचा चढउतार) सुमारे २ व्होल्ट येतो. नुसत्या चालू अ‍ॅम्पवर तेवढा दिसला तर कपॅसिटर संपला. आणि "मोठा तो चांगला" म्हणून ४७०० च्या जागी २२००० घालणाऱ्यांनी ब्रिज रेक्टिफायरची (एसीचा डीसी करणाऱ्या डायोडांची) कीव करावी, चालू करतानाचा सगळा झटका त्याच्यावर येतो.

जुन्या तपकिरी बोर्डावर साठ पाय उपसून परत डाख दिला की दोन-चार ट्रॅक उचलले जातातच. एखादा कपॅसिटर उलटाही बसतो. मग मूळ बिघाड कुठला आणि आपण केलेला कुठला, हे शोधत बसा.

ओल:
दोघेही कपॅसिटरवर भांडताय. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पहिला घास घेतो तो प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर), रिले आणि फ्यूजहोल्डरचा.

बायसचा, म्हणजे गाणं नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरांतून वाहणारा करंट ठरवणारा, उघडा प्रीसेट बघा. त्याचा सरकता पाय थेट बायस ट्रान्झिस्टरच्या बेसला असेल आणि गंजून सुटला, तर तो ट्रान्झिस्टर बंद पडतो, बायस टोकाला जातो आणि आउटपुट भाजून निघतात. म्हणजे शॉर्ट झालेली जोडी हा परिणाम, कारण दीड-दोन सेंटिमीटरचा प्रीसेट. तो न बदलता नवी जोडी लावणं म्हणजे तिलाही चितेवर बसवणं. बंद प्रकारचा मल्टिटर्न घाला. पहिल्यांदा चालू करताना बायस सर्वांत कमीवर ठेवा. त्यासाठी तो कुठल्या बाजूला फिरवायचा हे सर्किटवरून आधी ठरवा.

रिलेचे काँटॅक्ट पॉलिश पेपरने घासू नका, वरचा मुलामा जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली साध्या कागदाची पट्टी काँटॅक्टमध्ये धरून ओढा. (आणि झाकण उघडल्यावर पाल शोधा. मेन्सच्या टर्मिनलवर वाळलेली पाल हाही एक शॉर्टच.)

डाखाची कांडी:
प्रीसेटचा मुद्दा बिनतोड, त्यापुढे माझा कपॅसिटर दुय्यम. पण माझा हट्ट एवढ्यासाठी, की बोर्ड एकदा बाहेर काढल्यावर सिग्नलच्या वाटेवरचे आठ-दहा छोटे न बदलणं हा कंजूसपणा आहे. एकेक काढायचा, एकेक बसवायचा, आधी फोटो. साठ पाय एकदम उपसा असं कोण म्हणतंय?

तीस पंचावन्न:
एक राहिलं. जुन्या २एन३०५५ या आउटपुट ट्रान्झिस्टरच्या जागी नवा २एन३०५५ घातला तरी तो "तोच" नसतो. पूर्वीचा हळू होता, हल्लीचा एपिटॅक्सियल (वेगळ्या पद्धतीने बनवलेला) वेगवान आहे. त्यामुळे काही जुनी सर्किटं ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर डुलायला लागतात. खूण अशी: गाणं नसताना हीटसिंक तापतो आणि आउटपुटवरचा १० ओहमचा रेझिस्टर काळा पडतो. ऑसिलोस्कोप लावल्याशिवाय हे दिसत नाही. बाजारात आत चिमुकली चिप असलेले नकली मालही पुष्कळ.

मिलिव्होल्ट:
हे बरं आठवलंत, बाब. त्यातच भर: अभ्रकाची चकती जुनीच वापरू नका. नवी लावून दोन्ही बाजूंना हीटसिंक पेस्टचा पातळ थर द्या. स्क्रू आवळल्यावर बॉडी ते हीटसिंक मोजा, मीटरने काहीच दाखवता कामा नये. शेवटी बायस: ०.३३ ओहमवर १० मिलिव्होल्ट, म्हणजे ३० मिलिअँपिअर. कंपनीचा आकडा मिळाला तर तोच धरा. झाकण ठेवून अ‍ॅम्प वीस मिनिटं तापू द्या आणि पुन्हा मोजा. थंड असताना लावलेला बायस तापल्यावर तेवढाच राहत नाही. छोट्या कपॅसिटरांबद्दल मात्र मी अजून ईएसआर मीटरच्याच बाजूने आहे.