'पायाभूत सुविधा'तली सुविधा कुणाची?

गोदाकाठची: राज्यकर्त्यांच्या रीतीनुसार देशाचे रस्ते, रेल्वे कसे घडतात, अशा लेखाचं भाषांतर करतेय. 'इन्फ्रास्ट्रक्चर'ला 'पायाभूत सुविधा' लिहिलं आणि अडले. लेखात तुरुंग, छावण्या, फौजेसाठी टाकलेले रूळही त्यातच धरलेत. ती कसली सुविधा? दुसरा शब्द आहे का?

जुना ओव्हरसियर: शब्द मूळचा फ्रेंच, रेल्वेतला. १८४२च्या कायद्यानं तिथं जमीन, भराव, पूल सरकारकडे. वरचे रूळ, गाड्या कंपन्यांकडे. रुळांखालचं ते 'इन्फ्रा'. इंग्लंडात सगळंच कंपन्यांचं, कंपन्यांच्या दोन रुळांमधलं अंतर वेगवेगळं. शेवटी १८४६ला कायदा करावा लागला. आपल्याकडे इंग्रजी अमलात रेल्वे कंपनी खाजगी, पण ५ टक्के परताव्याची हमी सरकारची, म्हणजे रयतेच्या खिशातून. तेव्हा 'पायाभूत' चपखल, 'सुविधा' आपण चिकटवली. 'पायाभूत बांधणी' म्हणा.

शब्दनिष्ठ: 'संरचना' असताना बांधणी कशाला? सावरकरांच्या भगूरच्या शेजारी राहून एवढं तरी पाळू. 'महापौर' रुळलाच ना?

मखमलाबादकर: महापौर रुळला, मान्य. पण 'रात्री संरचना फुटली' कोण म्हणेल? पाइपलाइनच फुटते.

सटाण्याची सून: सुविधा म्हटलं की कुणीतरी देणारा आणि आपण हात पसरणारे. मोसम नदीवरच्या फडाला, म्हणजे गावानं मिळून भिजवायच्या शेतपट्ट्याला, आमच्या आजेसासऱ्यांनी कधी सुविधा म्हटलं नाही. बंधारा, पाट, चारी, सांडवा, एवढंच. एका फडात ऊस ठरला की त्यात सगळ्यांचा ऊस. पाटातला गाळ काढायला घरटी एक माणूस. पाटकरी गावानं नेमलेला, त्याची मजुरी धान्यात. पुढे सरकारनं 'पाटबंधारे' खातं केलं, आता पाटीवर 'जलसंपदा'. पाट गेला, संपदा आली!

शब्दनिष्ठ: पाट म्हणजेच कालवा ना? कालवा 'कुल्या'वरून आला म्हणतात.

मखमलाबादकर: छे, 'कालवणे'वरून. पावसाळ्यात आमच्याकडच्या डाव्या कालव्याचं पाणी बघा, फोडणीचं वरण. आणि आम्ही तर कॅनॉलच म्हणतो.

जुना ओव्हरसियर: तीस वर्षं एमबीत, म्हणजे मोजमापाच्या वहीत, छोट्या कालव्याला 'मायनर' लिहिलं. बांधावर गेलो की तीच चारी. 'मायनर सोडा' म्हटलं असतं तर शेतकऱ्यांनी पोरगं पळवलं समजून मला धरलं असतं.

गोदाकाठची: काका, मग सुविधा ठेवू की काढू? उद्या सकाळी द्यायचंय.

मखमलाबादकर: ताई, एक मिनिट. पाटकऱ्याचा पाट आणि पाट लावण्यातला पाट एकच का हो?