मदत हवी आहे : एकाच नाटकाच्या दोन प्रयोगांवरील प्रतिक्रिया एका टिपणात कशा मांडाव्यात?

मी नाट्यशास्त्राचा विद्यार्थी असून मला पाहिलेल्या प्रयोगावर ८०० शब्दांचे प्रथमपुरुषी टिपण लिहायचे आहे. त्यात परीक्षण किंवा कथासार चालणार नाही. एका हौशी संघाने केलेले ‘घाशीराम कोतवाल’ मी दोनदा पाहिले. १९७२ च्या पहिल्या प्रयोगापासून ओळखीची झालेली ब्राह्मणांची मानवी भिंत, जी क्षणात पडदा होते आणि क्षणात जमाव, मी प्रथम मागच्या रांगेतून पाहिली आणि तिच्या लयीने इतका भारावलो की घाशीरामच्या मुलीचे काय चालले आहे, याकडे माझे लक्षच गेले नाही. दुसऱ्यांदा पुढच्या रांगेत बसल्यावर नटांचा श्वास ऐकू येत होता आणि ठेक्यावर हलणाऱ्या स्वतःच्या पायाची मला लाज वाटली.

प्रयोग संपताच केलेल्या नोंदी त्रोटक आहेत. नंतर संहिता वाचली, तर आठवणीत तिचेच शब्द मिसळू लागले (हा उतावीळपणा माझाच). क्रमाने लिहिलेला खर्डा वृत्तांतासारखा वाटतो. दोन्ही अनुभव एकत्र केले, तर दुसऱ्या वेळची समज पहिल्या वेळीच होती असा खोटा आव येतो. चित्रफीत उपलब्ध नाही, तिसरा प्रयोगही नाही. दोन्ही प्रयोगांविषयी लिहिण्यास मार्गदर्शकांची हरकत नाही.

अशा टिपणात पहिली, अपुरी प्रतिक्रिया न सुधारता तशीच ठेवून दुसरीने तिला छेद कसा द्यावा, आणि सुरुवात कोणत्या प्रयोगापासून करावी?