फ्रीलान्स करारात '१० ते ७' घातलंय, हजेरीचं ॲपही लावा म्हणतात. कसं बोलायचं?

खानापूर_कॅड

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात राहते, मशिनवर पार्ट पक्का धरून ठेवणारी जी फिक्स्चर असतात, त्यांची ड्रॉइंग्ज घरूनच करते. पुण्याच्या एका डिझाइन कंपनीचं काम आजवर ड्रॉइंगमागे पैसे या हिशोबानं चालू होतं. आता त्यांना महिन्याला ठरावीक रक्कम देऊन वर्षाचा करार करायचाय. रक्कम चांगली आहे, म्हणून तर जीव अडकलाय. पण मसुदा असा: सोमवार ते शनिवार सकाळी १० ते ७ लॉगिन, लॅपटॉपवर त्यांचं हजेरीचं ॲप, सुट्टीला आधी मंजुरी, दुसऱ्या कुणाचं काम घ्यायचं नाही. आणि त्याच कागदावर खाली, 'ही नोकरी नव्हे, सेवा देणारी व्यक्ती स्वतंत्र व्यावसायिक आहे'. पीएफ नाही, पगारी रजा नाही, १० टक्के टीडीएस.

ॲप बघितलं मी. थोडा वेळ माउस हलला नाही की नावापुढचा ठिपका तांबडा होतो. माझं निम्मं काम कागदावर असतं ओ. क्लॅम्प कुठून बसेल, कटर कुठं अडेल, चिप्स कुठून पडतील, हे पेन्सिलीनं काढल्याशिवाय मला सुचतच नाही. शिवाय पावसाळ्यात खानापूर तालुक्यात लाइटची काय तऱ्हा असते ते इथल्यांना सांगायला नको.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या दोन वर्कशॉपचं काम मला सोडायचं नाही. पण कंपनीचीही अडचण खोटी नाही, त्यांच्या पोरांना शंका विचारायला माणूस हवा. नोकरदार न दिसता वेळेचं कसं लिहून घेऊ?

उद्यमबाग_जुना

ताई, 'ही नोकरी नव्हे' या ओळीवर विसंबू नका. तुम्हीही नको, त्यांनीही नको. भांडण कोर्टात गेलं तर कागदाला काय नाव दिलंय यापेक्षा काम कसं चालतं ते बघतात.

सुप्रीम कोर्टाचा धारंगध्रा केमिकल वर्क्सचा निकाल आहे, एआयआर (निकाल छापणारं नियतकालिक) १९५७ मध्ये छापलेला. कच्छच्या छोट्या रणाजवळ मीठ पिकवणारे अगरिये. हजेरीपट नाही, कामाचे तास ठरलेले नाहीत, मदतीला स्वतःच्या पैशानं माणसं लावायची मुभा, पैसे मिठाच्या वजनावर. तरी ते कामगार ठरले, कारण काम पहिल्यापासून शेवटपर्यंत कंपनीच्या माणसांच्या देखरेखीखाली चालायचं. पुढं सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसचा निकाल आला, एआयआर १९७४. शिंपी नगावर शिवायचे, यायची-जायची वेळ त्यांची, पण मशिनी मालकाच्या आणि शिवण पसंत पडली नाही तर पुन्हा शिव म्हणायचा हक्क मालकाचा. तेही नोकरीतच धरले.

म्हणजे नुसते तास खोडून भागत नाही. दुसरं काम घेता येतं का, काम नाकारता येतं का, हत्यारं कुणाची, चुकलं तर नुकसान कुणाचं, हे सगळं एकत्र बघतात. तुमच्या मसुद्यात तर तुम्हाला दावणीला बांधून वर 'मोकाट आहे' अशी पाटी लावलीय.

आता बोलायचं कसं. एचआरला हे निकाल ऐकवू नका, तो लगेच लीगलकडं ढकलेल आणि महिनाभर उत्तर येणार नाही. ज्या डिझाइन मॅनेजरकडं तुमची ड्रॉइंग्ज जातात त्याला आधी फोन लावा. विचारा, 'सर, तुमच्या टीमला माझी गरज नेमकी कधी लागते?' बहुतेक सांगेल, दुपारी. त्याला नऊ तास नकोच असतात, त्याला उत्तर हवं असतं. तेवढंच लिहून द्या: कामाच्या दिवशी ३ ते ५ फोन आणि मीटिंगला मिळेन, इतर वेळी आलेल्या शंकेचं उत्तर पुढच्या कामाच्या दिवशी दुपारी १२ च्या आत, ड्रॉइंग ठरल्या तारखेला. बाकी काम कधी, कुठं बसून, कुठल्या पद्धतीनं करायचं हे माझं मी ठरवीन. ही शेवटची ओळ गाळू देऊ नका.

महिन्याची रक्कम ठेवा, पण ती हजर राहण्याची नको, कामाची ठेवा. महिन्याला अमुक इतकी फिक्स्चर, त्यावर गेलं तर जादा दर. नगांत बसत नसेल तर 'महिन्याला १०० तासांपर्यंतचं डिझाइन काम' म्हणा आणि तासांचा तक्ता तुम्ही बिलाला जोडा. तासांवर बिल लावणं वेगळं आणि तासांवर बसवून ठेवणं वेगळं.

सुट्टीला मंजुरी नाही, सूचना. 'आठ दिवस आधी कळवीन, तारखा त्याप्रमाणे पुढं सरकतील.' लॅपटॉप आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स तुमचं. डेटाची काळजी असेल तर त्यांचा व्हीपीएन (त्यांच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणी) घ्या, पण हजेरीचं ॲप नको म्हणजे नकोच. त्यावर अडून बसले तर एकच वाक्य टाका: उद्या पीएफ कार्यालयाची तपासणी आली तर हा रोजचा लॉगिन रिपोर्ट तुमच्याच विरुद्ध पुरावा होईल. हे मात्र मेलवर लिहा, तोंडी नको. आणि ड्रॉइंगमध्ये माझी चूक असेल तर दुरुस्ती माझ्या खर्चानं, तुम्ही पार्ट बदललात तर बिल, हे आपणहून घाला. धंदेवाला असाच बोलतो.

सही झाल्यावरची गोष्ट जास्त महत्त्वाची. करार छान आणि व्हॉट्सॲपवर 'सर, उद्या सुट्टी मिळेल काय?' असं असलं की करार गेला वाऱ्यावर. 'उद्या मी नाही, गुरुवारची ड्रॉइंग आज पाठवते' एवढंच.

न्यायक्षेत्र, म्हणजे भांडण झालं तर कुठल्या गावच्या कोर्टात जायचं ते, पुणे लिहिलं असेलच. मागून बघा बेळगाव मिळतं का, नाही मिळालं तर सोडून द्या. हद्दीचा वाद आमच्या पाचवीला पुजलाय, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. त्यात आपली भर कशाला.

निपाणीकर

सगळे नोकरी न दिसण्याच्या मागं लागलाय, मला उलटं विचारावंसं वाटतं. १० ते ७ बसवतायत तर नोकरीच मागा की. माझी आई निपाणीत घरी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात पानं नि तंबाखू, हजार विड्यांचा भाव, वर मालक छाट काढायचा, म्हणजे खराब म्हणून विड्या बाद करायचा, ती वेगळीच. तिला कुणी १० ते ७ सांगितलं नव्हतं. तरी १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात घरी वळणारी बाईसुद्धा कामगारच धरली होती, आणि तिच्या नावानं पीएफही निघाला. बायकांनी मोर्चे काढून पदरात पाडून घेतलेलं हे. आणि आपण शिकलेली माणसं 'मी नोकरदार नाही' असं लिहून देण्यासाठी धडपडतोय.

उद्यमबाग_जुना

मुद्दा खरा आहे. ताईंचं एकच गिऱ्हाईक असतं तर मीही हेच म्हटलं असतं. पण ताईंना दोन वर्कशॉप ठेवायचीत, नोकरीत ती सुटतील. ज्यांचं सगळं पोट एकाच कंपनीवर आहे त्यांनी निपाणीकरांचं ऐकावं.

टिळकवाडी_हिशोब

थोडं कराचं. गिऱ्हाईक पुण्याचं, तुम्ही कर्नाटकात, म्हणून 'राज्याबाहेर सेवा दिली की जीएसटी नंबर लागतोच' असं कुणी सांगेल. मालाचं तसं होतं, सेवेचं नाही. सेवा देणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकासाठीही नोंदणीची सक्ती नाही. एकूण म्हणजे उद्यमबागेची बिलंही धरून. आणि दर महिन्याला तुमच्या नावाचं, नंबर घातलेलं बिल स्वतः पाठवा, त्यात काय काम केलं ते लिहा. काही कंपन्या फ्रीलान्सरलाही पे-स्लिपसारखा कागद काढून पाठवतात, तो घेऊ नका.

खानापूर_कॅड

सगळ्यांचे आभार. मॅनेजरशी बोलले. खरंच त्यांना दुपारच हवी होती. '२.३० ते ५ फोनवर मिळेन' यावर जमलं, ॲप गेलं, सुट्टीच्या जागी सूचना आली. रक्कम थोडी खाली आणली, ती मी मान्य केली. 'दुसऱ्याचं काम नाही' हे मात्र सोडत नव्हते. शेवटी त्यांच्या तीन थेट स्पर्धकांची नावं लिहून द्या, त्यांचं घेणार नाही म्हटलं, तर कबूल झाले. निपाणीकर, तुमच्या आईचं वाचून वर्षानंतरच्या नूतनीकरणाला दरवाढीचं कलम घातलं, पीएफ नाही तर तेवढं तरी.

एक राहिलं. त्या अडीच तासांत लाइट गेली तर?

उद्यमबाग_जुना

'फोनवर मिळेन' लिहिलंय ना, मग फोन चार्ज ठेवा. स्क्रीन दाखवायची मीटिंग असेल तर 'वीज किंवा नेट नसल्यास दुसऱ्या दिवशी त्याच वेळी' एवढी ओळ वाढवा. आणि लॅपटॉपला नाही तरी राउटरला छोटा यूपीएस घ्या, खर्च धंद्यात दाखवता येतो.