वाचून झाल्यावरही पाठ न सोडणारी पुस्तके : अनुभव

जूनमध्ये मुलीची नववीची पुस्तके घेण्यासाठी अप्पा बळवंत चौकात गेले होते. गाइडे आणि वह्या मागणाऱ्यांच्या त्या गर्दीत एका आजोबांनी 'बनगरवाडी' आहे का, असे विचारले, आणि मला माझी पहिली शाळा आठवली.

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. कॉलेजात परीक्षेपुरती वाचली, तेव्हा तिच्यात काही घडतच नाही असे वाटले होते. पुढे वेल्हे तालुक्यातल्या एका वाडीवर शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि रात्री करमेना म्हणून ती पुन्हा उघडली. धनगरांच्या वाडीवर आलेला तो कोवळा मास्तर, त्याच्याकडे शिकवण्याखेरीज इतर सगळी कामे घेऊन येणारी माणसे, त्याने उभी केलेली तालीम आणि शेवटी दुष्काळाने रिकामे झालेले गाव, हे सारे आता शेजारच्या घरातले वाटू लागले. आमच्याकडे दुष्काळ नव्हता, उलट पाऊस नको इतका होता; पण कामाधंद्यासाठी एकेक कुटुंब पुण्याला उतरत गेले आणि पटावरची मुले कमी होत गेली. पट घसरला की वरून विचारणा होते आणि शिक्षक स्वतःलाच दोष देत बसतो. गाव उठण्यात मास्तरचा दोष नसतो, हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कोणी सांगितले नाही. त्या कादंबरीतून ते कळले.

आवडत्या पुस्तकांची यादी नको, ती कुठेही मिळते. ज्या पुस्तकाने तुमच्या वागण्यात काही फरक पडला किंवा ज्याच्याशी तुमचा वाद अजून मिटलेला नाही, त्याविषयी लिहा.

एरंडवण्याची माई
लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. सासरी दुपारची झाकपाक झाली की मी ती माजघरात बसून वाचत असे आणि एकटीच हसत असे, त्यामुळे सासूबाईंना माझी काळजी वाटू लागली होती. वडिलांच्या सोवळ्याचे वेड, नवऱ्याचे तऱ्हेवाईक वागणे, त्याने १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट, एवढे सोसूनही ही बाई स्वतःची कीव करत नाही आणि नवऱ्याला देवही करत नाही. गाऱ्हाणे विनोदाने मांडले तर समोरच्याला ते ऐकावेच लागते, हे मी तिच्याकडून उचलले. पुढे सासूबाईंनाही वाचून दाखवू लागले, तेव्हा त्या माझ्याहून मोठ्याने हसल्या.

शिवारफेरी
माई, आमच्या घरी ते पुस्तक आहे, पण आईने अजून कोणाला हात लावू दिलेला नाही!

माझे पुस्तक वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर'. गुलामीत जन्मलेला मुलगा शास्त्रज्ञ होतो, अमेरिकेतल्या टस्कीगीच्या संस्थेत जातो आणि कापसाने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग घ्यायला शेतकऱ्यांना शिकवतो, हे वाचूनच मी शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश घेतला. भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात, हे तिथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आता गंमत अशी की पीनट बटर कार्व्हरने शोधले, असे लोक सर्रास सांगतात आणि ते खरे नाही. त्याचे मोठेपण मला पिकांच्या फेरपालटात, म्हणजे कापसानंतर भुईमूग घेण्यात, वाटते, कारण ती गरीब माणसाला पैसा न घालता करता येते. शेंगदाण्यापासून किती पदार्थ केले, हे भाषणांसाठी बरे आहे.

वसतिगृह क्रमांक दोन
खानदेशातून पुण्यात शिकायला आलेल्या प्रत्येक मुलाला कोणीतरी 'कोसला' वाचायला देतोच. मला ती खोलीतल्या ज्येष्ठाने दिली. भालचंद्र नेमाड्यांची १९६३ची ही कादंबरी मी हसत हसत वाचत होतो, आणि पांडुरंगच्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूपाशी येऊन थांबलो. त्यानंतर काही दिवस पुस्तक उशाखाली होते. घरी पत्र लिहायचा मला कंटाळा होता, तो त्या पानांनी घालवला. मात्र परीक्षेत नापास होण्यालाच काही मित्र तत्त्वज्ञान समजू लागले, त्याचे श्रेय पुस्तकाला द्यावे की मित्रांना, हे मला ठरवता आलेले नाही.

एरंडवण्याची माई
बाळा, श्रेय मित्रांनाच दे. पुस्तक फार तर निमित्त.

घोडनदीकाठचा
वरचे सगळे वाचून लिहावे की नाही, असा विचार करत होतो. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. मी ते खूप उशिरा, नोकरी लागल्यावर वाचले. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, ही रचना मला सुरुवातीला कळलीच नाही. नंतर लक्षात आले की शिकून शहरी झालेल्या माणसाला स्वतःच्याच भूतकाळासमोर बसवल्याशिवाय हे सांगता आले नसते. आमचे घर वाड्याचे, म्हणजे बलुत्याच्या, कामाबदल्यात धान्य देण्याच्या व्यवहारात घेणाऱ्यांचे नव्हे, देणाऱ्यांचे. पुस्तक संपवून गावी गेलो आणि आजीला विचारले की आपल्या खळ्यावर कोण कोण येत असे. तिने कामे भराभर सांगितली, सांगावा नेणारा, मेलेले जनावर ओढणारा, लाकडे फोडणारा. नावे मात्र तिला आठवेनात. मग मी गावातल्या वयस्कर माणसांना भेटून ती गोळा करू लागलो. काहींनी सांगितली, काहींनी 'आता कशाला हवीत' म्हणून विषय बदलला, आणि त्यांचा तो हक्कही आहे.

धागाकर्ती
दादा, लिहिलेत हे फार बरे केले. ती नावे कुठेतरी उतरवून ठेवली आहेत ना?

घोडनदीकाठचा
वही केली आहे, ताई. छापणार नाही. ज्यांची माणसे आहेत त्यांनी ठरवावे.

पेठेतला वादी
माझा वाद इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'शी आहे. डेक्कन कॉलेजातल्या या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी महाभारतातल्या माणसांना देवत्वाच्या चौकटीतून खाली उतरवले, तेव्हा कीर्तने ऐकत वाढलेल्या मला राग आला होता. खांडववनाचे दहन मी तोवर पराक्रम म्हणून ऐकलेले होते. त्या वनात राहणाऱ्यांचे काय झाले, हा प्रश्न त्यांनी पुढे ठेवला आणि तो पुन्हा झाकता येईना. भीष्मांविषयी मात्र त्या अतिकठोर आहेत, असे माझे मत आजही आहे.

शिवारफेरी
काका, भीष्मांची बाजू सविस्तर मांडा. मी 'युगान्त' नुकतेच वाचायला घेतले आहे आणि मला तर बाईंचेच पटते आहे.

पेठेतला वादी
आधी पूर्ण वाचा. मग भांडू.