मीठ-पोळीची बातमी आणि ‘समतोल’
सरकार ‘चांगल्याही बातम्या द्या’ एवढंच म्हणतंय, त्यात दबाव कसला, हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये उत्तर प्रदेशात मिर्झापूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत जमिनीवर बसलेली पोरं मिठाशी पोळी खाताना स्थानिक पत्रकाराच्या व्हिडिओत दिसली. मध्यान्ह भोजन म्हणून ताटात तेवढंच होतं. गुन्हा दाखल झाला तो पत्रकारावरच, सरकारच्या बदनामीचा कट म्हणून! छापील पेपरचा माणूस, मग व्हिडिओ कशाला काढला, असं जिल्हाधिकाऱ्यांचं म्हणणं.

डिसेंबरात पोलिसांनी त्याला निर्दोष ठरवलं खरं, पण मधले महिने गावोगावच्या वार्ताहरांनी पाहिलेच ना? त्यांच्यापैकी कितीजण पुन्हा शाळेच्या स्वयंपाकघरात डोकावतील?